खळ्यापाशी चुकलेला एक फूट

लेव्हल जुळत नव्हती. शुक्रवारी सकाळपासून मी सगळ्या बेरजा-वजाबाक्या तीनदा करून पाहिल्या. तिन्ही वेळा उत्तर तेच. बरोबर एक फूट जास्त.

मी तेव्हा लोणावळ्याच्या बाजूला एका धरणावर ओव्हरसीअर होतो. पहिलीच नोकरी, वय चोवीस. पहिलं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. कुठलं धरण ते सांगत नाही. त्या दिवसांत त्या डोंगरांत तलावांची कामं चालूच होती, आणि सांगून आता कुणाचं भलं व्हायचं नाही.

माझं काम होतं पाण्याची रेघ काढायचं. धरण भरलं की पाणी कुठवर येईल ते आधी जमिनीवर आखावं लागतं. त्या रेघेवर चुना लावलेले दगड बसवायचे. रेघेच्या आत ज्याचं घर किंवा शेत येईल, तो उठणार. हल्ली अशा रेघेच्या वर दोन-चार फूट मोकळे सोडतात. आमच्या कामावर तो रिवाज नव्हता. जेवढी जमीन पाण्याखाली, तेवढीच कागदावर.

रेघ काढायची ती लेव्हल नावाच्या यंत्राने. तिपाईवर आडवी दुर्बीण असते. समोर एक माणूस स्टाफ, म्हणजे आकडे रंगवलेली लांब पट्टी, उभी धरतो. दुर्बिणीतून आकडा वाचला की त्या जागेची उंची काढता येते. मग यंत्र पुढे, पट्टी पुढे, असं करत सगळं खोरं फिरायचं आणि जिथून निघालो त्याच खुणेच्या दगडावर परत यायचं. निघताना त्या दगडाची जी उंची होती, तीच परत आल्यावर यायला हवी. आली नाही, तर वाटेत कुठेतरी माती खाल्ली. हिशेब इतका सरळ आहे.

माझा दगड पाच दिवसांच्या फेरीत एक फूट उंच झाला होता.

मी वही घेऊन गुप्ते साहेबांकडे गेलो. हे आमचे इंजिनिअर. उंच, सावकाश बोलणारे गृहस्थ.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एक फूट."

"बरोबर एक? वर-खाली काही नाही?"

"नाही साहेब."

"मग सोपं आहे. फुटाचा आकडा वाचायला चुकलात. कुठे ते शोधा. उद्या जागेवर जा, संशय असेल तिथली रीडिंगं पुन्हा घ्या. उठणाऱ्यांची यादी सोमवारी पुण्याला गेली पाहिजे."

फुटाचा आकडा कसा चुकतो तेही सांगतो. पट्टीवर फुटांचे आकडे मोठे आणि लाल असतात, मधले बारीक आकडे काळे. पट्टी यंत्राच्या फार जवळ असली की दुर्बिणीत तिचा हातभरही भाग मावत नाही. काळे आकडे दिसतात, लाल दिसत नाही. अशा वेळी ओरडायचं, "उचल!" पट्टीवाला पट्टी हळूहळू वर सरकवतो, खालचा लाल आकडा दुर्बिणीत येतो, आणि चारचा फूट की पाचचा ते कळतं.

माझा पट्टीवाला सोमा. जवळच्या औंढे गावचा शेतकरी, चाळिशीचा. शेतीचं काम नसलं की आमच्याकडे यायचा. वयाने माझ्या काकासारखा, पण मी त्याला सोमाच म्हणायचो, अरे-तुरे करायचो. त्या दुपारी तो कचेरीच्या ओट्यावर बसला होता. मी सहज त्याला म्हटलं, "एक फूट चुकलाय रे कुठंतरी. ओढ्याजवळ असणार."

ओढ्यात माझा पाय घसरला होता आणि यंत्र पडता पडता वाचलं होतं. तिथली पट्टी जवळ होती हेही आठवत होतं.

 सोमा म्हणाला, "सायेब, वड्यापाशी न्हाई. तितं म्या उचलली व्हती. ठकूमावशीच्या खळ्यापाशी बगा. तितं तुमी उचल म्हनला, आन् वर जांबळीची फांदी आडवी आलती. पट्टी वर जाईना. तुमी हात केला, ऱ्हाऊ दे म्हून."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला आकडं कळत न्हाईत," तो म्हणाला. "पन म्या कुटं उचलली आन् कुटं न्हाई, ते ठावं हाय."

मी वही उघडून खळ्याजवळचं रीडिंग पाहिलं. पाच पूर्णांक काहीतरी. त्याच्या आधीचंही पाचचंच होतं. मला ते ठीक वाटलं.

आता खरं सांगायचं तर ते ठीक वाटायला मला हवं होतं. धाकट्या बहिणीचं साताऱ्याला लग्न होतं. रविवारच्या सकाळच्या गाडीने मी निघणार होतो. ठकूमावशीचं खळं कातळवाडीत, म्हणजे लोणावळ्यापासून अडीच तासांची चाल, तेवढीच परत. शिवाय यंत्र न्यायचं म्हणजे चार माणसं जमवायची. शनिवारी मी कुठेही गेलो नाही. कचेरीतच बसून ओढ्याजवळच्या रीडिंगमधला एक फूट काढून टाकला. तिथून पुढचे सगळे आकडे फुटाने उतरले आणि खुणेचा दगड जिथल्या तिथे आला. पान इतकं नीटनेटकं दिसायला लागलं की मला बरंच वाटलं.

संध्याकाळी गुप्ते साहेबांनी वही चाळली.

"ओढ्यापाशी होती तर."

"हो साहेब."

"जागेवर जाऊन पाहिलंत?"

"हो."

त्यांनी सही केली.

चुकीची गंमत अशी असते. चूक खळ्यापाशी झाली होती आणि मी ती ओढ्यापाशी दुरुस्त केली. म्हणजे शेवट जुळला, पण खळं ते ओढा एवढा मधला पट्टा तसाच चुकीचा राहिला. त्या पट्ट्यातली सगळी जमीन माझ्या कागदावर खऱ्याहून एक फूट उंच झाली. डोंगराच्या उतारावर एका फुटाने फारसं बिघडत नाही, रेघ दोन पावलं सरकते. पण भाताच्या खाचरांत जमीन ताटासारखी सपाट. तिथे एका फुटाने रेघ दीडशे पावलं सरकते. आणि त्या पट्ट्यात सपाट जमीन एकाच घराची होती.

लग्नाहून परत आल्यावर मी कातळवाडीत दगड बसवायला गेलो. बारा घरांची वाडी. अकरा घरं रेघेच्या आत आली. बारावं ठकूमावशीचं, जरा बाजूला, जांभळीखाली. त्याचा उंबरा माझ्या रेघेच्या जेमतेम चार बोटं वर होता. खाचरंही बहुतेक बाहेर.

ठकूमावशी साठीची असेल. अंगणात उभी राहून दगड बसताना बघत होती. शेवटचा दगड बसला तेव्हा तिने विचारलं, "म्हंजे आमी ऱ्हायलो?"

"राहिलात मावशी."

"पानी हितं येनार न्हाई?"

"तुमच्या उंबऱ्याला पाणी लागणार नाही. माझा शब्द आहे."

तिने मला बसवलं. नाचणीची भाकरी आणि कसलीशी रानभाजी वाढली. मी जेवत होतो आणि ती सुनेला सांगत होती की कोंबड्यांचं खुराडं आता दुरुस्त करून घेऊ, जायचं म्हणून तसंच ठेवलं होतं.

तिचा मुलगा चिमा मात्र मला पोचवायला वाडीच्या बाहेरपर्यंत आला. तिशीचा, अबोल माणूस. म्हणाला, "सायेब, आमालाबी आत घ्या की."

"का? तुझी तर जमीन वाचली."

"समदी वाडी उर्शाला चालली. तितं जमीन देत्यात त्यास्नी. आमी येकलं हितं काय करावं? औत धरायला मानूस न्हाई, दुखलंखुपलं तर हाक मारायला मानूस न्हाई."

त्यावर मी जे बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. "रेघ मी नाही ठरवत चिमा. पाणी ठरवतं."

तो मान हलवून परत गेला.

पुढच्या दोन वर्षांत धरण उभं राहिलं. अकरा घरं उर्से गावाच्या शिवारात हलली. ठकूमावशीचं घर खोऱ्यात एकटं राहिलं. कामाच्या निमित्ताने मी त्या बाजूला कधी गेलो तर त्यांच्या चुलीचा धूर दिसायचा.

पहिल्यांदा धरण भरायला आलं त्या श्रावणात सोमा कचेरीत आला. दारातूनच म्हणाला, "सायेब, ठकूमावशीच्या खळ्यात पानी हाय."

"पावसाचं साचलं असेल."

"तळ्याचं हाय."

मी धरणावरची मोजपट्टी पाहिली. पूर्ण भरायला अजून नऊ इंच बाकी होते. माझ्या कागदाप्रमाणे पाणी त्या खळ्यापासून लांब असायला हवं होतं.  मी यंत्र घेतलं, माणसं घेतली आणि निघालो. 

खाचरं दिसतच नव्हती. भात पोटरीला येण्याआधीच बुडाला होता. पाणी उंबऱ्याला टेकलं होतं. चिमा आणि त्याची बायको धान्याच्या कणग्या माळ्यावर चढवत होती. मी जांभळीची ती आडवी फांदी तोडवली आणि यंत्र जुन्याच जागी लावलं. सोमाने न सांगता पट्टी उचलून दाखवली. चार. लाल, स्पष्ट चार.

ठकूमावशी दारात उभी होती. "अजून किती येनार?" तिने विचारलं.

"नऊ इंच."

तिला इंच कळले नाहीत. मी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. तिने आत जाऊन भिंतीला जमिनीपासून स्वतःची वीत लावली आणि तिथेच बोट धरून उभी राहिली.

"म्हंजे चूल बुडली," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "तुमी म्हनला व्हता, न्हाई येनार."

 मी यंत्र पेटीत भरायला लागलो.

त्याच दिवशी मी गुप्ते साहेबांना सगळं सांगितलं. ओढा, खळं, फांदी, सोमाचं बोलणं, शनिवार. त्यांनी ऐकून घेतलं.

"तुम्ही मला हो म्हणाला होतात," ते म्हणाले.

"हो साहेब."

"मी विचारलं होतं, जागेवर गेलात का. तुम्ही हो म्हणालात."

दुसरा कुठलाही शब्द त्यांनी त्या दिवशी मला ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं. धरणाच्या मोरीचा दरवाजा त्यांनी स्वतःच्या जबाबदारीवर आठ दिवस उघडा ठेवला, म्हणजे पाणी आणखी चढू नये आणि माणसांना सामान हलवता यावं. नवव्या दिवशी वरून हुकूम आला आणि दरवाजा बंद झाला. मग ती वीतभर उंचीही भरली.

उर्शाची जमीन मिळावी म्हणून चिमाने अर्ज केला. तो मीच लिहिला. गुप्ते साहेबांनी त्यावर शिफारस केली. सहा महिन्यांनी उत्तर आलं: वाटप पूर्ण झाले आहे, यादीत अर्जदाराचे नाव नाही. ती यादी माझ्या हातची होती. दुसऱ्या अर्जालाही तेच उत्तर. चिमा लोणावळ्याला रेल्वेच्या खडी फोडण्याच्या कामाला लागला. स्टेशनमागच्या झोपड्यांत ती मंडळी राहायला गेली. ठकूमावशी तिथे फार दिवस काढू शकली नाही. मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. चिमाने बसायला पोतं टाकलं, पण मावशी भिंतीकडे तोंड करून निजलेली होती, ती वळली नाही. जागी होती हे मला कळत होतं.

माझी चौकशी झाली. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं: वाचनातील चूक. वर्षभर बढती अडली, पुढे सगळं सुरळीत झालं. गुप्ते साहेबांनी माझा तो 'हो' रिपोर्टात घातला नाही. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. पुढे माझ्या हातून पूल झाले, रस्ते झाले, आणि एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर म्हणून मी निवृत्त झालो.

निवृत्त व्हायच्या आधी काही वर्षं एका रस्त्याच्या पाहणीसाठी मी उर्शाला गेलो होतो. कातळवाडीच्या लोकांची आळी कुठे ते विचारत गेलो. मला कुणी ओळखलं नाही. एका रांगेत घरं होती, एकाला एक लागून, पण मध्येच एका ठिकाणी गुरांचा गोठा. मी एका म्हाताऱ्याला विचारलं, "आबा, घरांच्या मधोमध गोठा कसा?"

"ती जागा ठकीची," तो म्हणाला. "आमी आलो तवा मोकळी सोडली व्हती. वाडीत जशी व्हती तशीच घरं मांडली ना आमी. म्हनलं, आज ना उद्या कटाळून येईल येकली. पानी चढलं त्याच्या म्होरंबी तशीच ऱ्हाऊ दिली. घराला जागा आमी दिली असती, पन शेत कोन देनार? शेताबिगर येऊन खानार काय?"

"मग?"

"मग चिमाचा सांगावा आला, आई गेली म्हून. तवा बांदला गोठा."

मी रस्त्याचं माप घेतलं आणि परत आलो.

नव्या मुलांना कामावर घेताना मी पुढे एकच नियम घालून दिला होता. शेवट जुळला म्हणून वही मिटायची नाही. जागेवर जायचं, आणि जाताना पट्टीवाल्याला विचारायचं. सोमा औंढ्यालाच असायचा. त्याला मात्र हे मी कधी सांगितलं नाही.