सोनाळ्याचा गहू

"सरासरीले आग लावा!" असं ओरडून बाई टेबलावर मूठ आपटायच्या. चहा सांडायचा. फडकं आम्ही आधीच हाताशी ठेवलेलं असायचं. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील.

बाई गव्हाच्या वाणांची पारख करायच्या आणि मी त्यांचा मदतनीस होतो. तेच वाण त्या मेहकरच्या भरपूर पाण्याच्या काळ्या रानात, आणि धाड व सोनाळा या गावांच्या तापत्या, कोरड्या शेतात पेरायच्या. मग आलेखावर प्रत्येक वाणाची एक रेघ. चांगल्या शेतात उसळणारी आणि वाईट शेतात कोसळणारी रेघ दिसली की म्हणायच्या, "हा गद्दार हाय बे. सरासरीत लपते."

त्या वर्षी सातवा वाण मेहकरात भरघोस आला होता. आमच्या कचेरीच्या साहेबांना तोच हवा होता. सोनाळ्याची कापणी तेवढी राहिली होती.

त्या कापणीच्या दिवशीच तिथले शेतमालक, दोघे भाऊ, बांधावरून भांडले. थोरला कुऱ्हाड घेऊन धावला. धाकटा पळताना आमच्या वाफ्यात अडखळून पडला. बाई मध्ये शिरल्या.

"माह्या वाफ्यात पाय टाकशीन तर तोडीन!"

कुऱ्हाड खाली आलीच. त्यांच्या डाव्या हाताचं हाड उघडं पडलं, कापलेल्या गव्हावर रक्त उडालं. मजुरांनी विळे फेकून थोरल्याला आडवा केला आणि लाथांनी तुडवला. त्याच्या तोंडातून दात गळाले.

"सोडा त्याले! मरन तो!" बाई खाली बसून ओरडत होत्या. "अन् पेंढ्या मिसळू नका!"

बाईंनी गव्हापायी हात घालवला, असं गावभर झालं. दवाखान्यात मीही तेच विचारलं.

"गहू पुन्हा पेरता येते बे," त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या. "माणूस कसा पेरू?"

बैठकीत साहेब म्हणाले, "सोनाळ्यात गोंधळ झाला. ते आकडे गाळा." सोनाळ्यात सातवा वाण कोसळला होता; ते आकडे गाळले असते तर तोच जिंकला असता. बाईंनी दातांनी गाठ सोडून पट्टी उलगडली. टाके ओले होते.

"काऊन गाळता? पेंढी पेंढी वेगळी ठेवली, ह्या मदतनिसानं तोलली. गाळा आता!"

आकडे राहिले. तिन्ही ठिकाणी टिकलेला अकरावा वाण निवडला गेला.

तो हात मात्र पुन्हा वर झाला नाही. गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. सोनाळ्याचा धाकटा भाऊ आला होता. तिरडी उचलल्यापासून त्यानं कोणाला खांदा बदलू दिला नाही. चढावर त्याची चप्पल तुटली. ती तिथंच टाकून तो चालत राहिला.