देवी डॉक्टरांचे हातमोजे

स्वतःच्या तळहातांना आमच्या शेजाऱ्यांइतकं जपणारा माणूस मी कोणत्याही राजवाड्यात पाहिला नाही. राजवाडे मी फारसे पाहिलेले नाहीत, हे कबूल. पण मास्तर म्हणून बदलीवर कारंज्याला आलो तेव्हा बंगलेवाले, टोपीवाले आणि घड्याळाची साखळी पोटावर मिरवणारे पुष्कळ पाहिले, आणि त्यांतल्या एकालाही आपले हात कशासाठी आहेत याचा या गृहस्थांइतका विचार करताना पाहिलं नाही. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते. गावोगाव सायकलवर हिंडून लहान मुलांना देवी टोचण्याचं त्यांचं काम; लशीच्या नळ्या, टोचणी आणि एक नोंदवही एवढाच संसार. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. माझीही खोली त्यांच्याइतकीच रिकामी असल्यामुळे संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसत असू, आणि दोघांपैकी कोणी बोललं नाही तरी कोणाला वाईट वाटत नसे.

सायकल चालवताना ते कातड्याचे हातमोजे घालत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हाही एक साहेबी थाट. पण थाट करणारा माणूस साहेबासमोर मोजे काढतो आणि गरिबासमोर काढत नाही; यांचं उलटं होतं. तालुक्याचे मोठे अधिकारी रस्त्यात भेटले तर हे मोजे न काढताच नमस्कार करत, आणि एखाद्या झोपडीच्या दारात बाळ घेऊन बाई उभी राहिली की दहा पावलं आधीच मोजे काढून खिशात ठेवत. त्यांचं एक शास्त्र होतं. "मास्तर, लेकराचा दंड धरला का त्याले आधी हात समजते, मंग माणूस. हँडल धरून धरून हाताले घट्टे पडले, त ते टोचायच्या आधीच रडते." शास्त्र उत्तम होतं, पुरावा मात्र एकही नव्हता. साऱ्या तालुक्यात त्यांना पाहून न रडलेलं मूल नव्हतं. पोरं झोपेनाशी झाली की आया म्हणत, "झोप, नाही त देवीवाला येईन." ज्यांच्यासाठी हा माणूस हात मऊ ठेवी त्यांच्यात त्याचं नाव बागुलबुवाच्या पंक्तीला होतं. हे त्यांना ठाऊक होतं. तरी दर थंडीत कामाचा हंगाम सुरू झाला की एखादं तरी लेकरू आपल्या हातात शांत राहील, या आशेवर ते निघत.

मोजे निवडायला ते बाजारातल्या मोच्याकडे जात ते सायकल घेऊनच. दुकानात सायकल आत घ्यायची, कातडं हँडलवर टाकून मूठ आवळायची, सोडायची, पुन्हा आवळायची. म्हशीचं कातडं नको, ते हुकूम ऐकत नाही, बकरीचं हवं. तळहाताचा तुकडा एकसंध हवा, मध्ये जोड नको. शिवण बाहेरून, म्हणजे आत बोचत नाही. आत अस्तर नको, घाम धरतं. बोटं जरा आखूडच हवीत, कारण कातडं पुढे सैल होतंच. पाठीवर वाऱ्यासाठी चार भोकं. नक्षी, बक्कल, बटण काही नको. एकदा मीही बरोबर होतो. दोन तास गेल्यावर मोची म्हणाला, "डाक्टरसाहेब, पोरगी पाह्याले आले का मोजे घ्याले?"

"पोरगी असती त एवढं पाह्यलं नसतं."

"दोनच हात हायेत म्हणून बरं. चार असते त माहा धंदाच बसला असता."

घरी आल्यावर मोज्यांची सेवा सुरू होई. ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, पाण्यात बुडवायचे नाहीत. भिजले तर उन्हात वा चुलीजवळ ठेवायचे नाहीत. बोटांत कापूस भरून सावलीत वाळवायचे. मग महिन्यातून एकदा बोटाच्या टोकावर येईल तेवढंच कोमट एरंडेल चोळायचं. चोळताना ते मोज्यांशी बोलत. डावा गरीब, उजवा हट्टी, असं त्यांचं मत होतं. मी हसत असे. पण आपल्या खोलीत परतल्यावर मला बोलायला मोजेसुद्धा नाहीत, हे ध्यानात येई.

एका वर्षी हंगामापूर्वी बहीण आजारी पडल्याचा निरोप आला म्हणून ते दीड महिना धनजला गेले. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. "मोज्यांले तेवढं तेल दाखवजा, मास्तर." कोणी माझ्यावर काही सोपवल्याला फार दिवस झाले होते. मी बाटली उघडली तर एरंडेल संपलेलं. घरमालकीण म्हणाल्या, "तेल म्हनजे तेल, मास्तर. जवसाचं न्या, घरचं हाय." मी इतिहास शिकवणारा माणूस, मला तेलातेलांतला फरक काय ठाऊक? ते महिन्यातून एकदा चोळत, मी जिव्हाळ्यानं आठवड्यातून दोनदा चोळलं, तेही सढळ हातानं.

जवसाचं तेल वाळतं आणि घट्ट होतं. सुतार ते लाकडाला लावतात ते त्यासाठीच, हे मला नंतर कळलं. ते परतले आणि त्यांनी मोजे टेबलावर ठेवले, तर ते वाजले. बोटं आत जाईनात. उजव्याच्या तळव्याला आडवी चीर गेली. मी दाराशी उभा होतो.

"जवस लावलं?"

"हो."

"किती डाव?"

"दहा-बारा वेळा."

त्यांनी मोज्याच्या चिरेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "एवढ्या डाव त कोनी मले सोताले नाही इचारलं."

हंगाम दोन दिवसांवर होता आणि मोची सोयऱ्याकडे लग्नाला गेलेला. ते उघड्या हातांनी निघाले. तीन आठवड्यांत तळहातांवर फोड आले, फुटले, आणि घट्टे पडले. मला अन्न गोड लागेना. एका रविवारी मी सायकल मागून आणली आणि त्यांच्याबरोबर कामरगावला गेलो. उपयोग काहीच नव्हता; अपराधी माणूस सोबत येतो, एवढंच.

गावाबाहेर भाजीच्या मळ्यात एक बाई मेथीच्या जुड्या बांधत होती, मांडीवर सहा-सात महिन्यांचं पोर. डॉक्टरांनी हात पुढे केला आणि लाजून मागे घेतला. बाईनं तो पाहिला. "अगं माय, डाक्टर! तुमचे हात त याच्या बापावानी झाले. मोट हाकता का काय?" तोवर पोरानं त्यांचा अंगठा पकडला होता. दोन्ही मुठींत धरून त्याच्यावरचा घट्टा ते चाचपत होतं, आणि ओळखीचं काही सापडावं तसं त्यांच्याकडे पाहत होतं. डॉक्टर श्वाससुद्धा घेत नव्हते. मग टोचलं, आणि पोर रडलं.

परतीच्या वाटेवर दोन मैलांनी त्यांनी सायकल माझ्या बरोबरीला आणली. मग म्हणाले, "रडलं मास्तर. पन टोचल्यावर रडलं." थोड्या वेळानं पुन्हा, "कायले रडलं, ते तरी समजलं."

नवे मोजे त्यांनी शिवून घेतलेच नाहीत. उन्हाळ्यात माझी बदली झाली. स्टेशनावर ते पोचवायला आले. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिडकीतून माझा हात धरला, उलटा केला आणि खडूशिवाय काहीही न धरलेला माझा तळवा अंगठ्यानं दाबून पाहिला.

"लयच मऊ राह्यला, मास्तर," ते म्हणाले. "कोनाचं लेकरू उचलत जा."

गाडी पुढे गेली. त्यांचा हात सुटला तरी मी माझा बराच वेळ बाहेरच ठेवला होता.