दिवसाला किलोभर गाजर

धोंडीराम पगारे कतारमधल्या दोह्यात वेल्डिंग इन्स्पेक्टर होता. २००३च्या ऑगस्टमध्ये नाशिकहून फोन आला, थोरल्या भावाला आतड्याचा कॅन्सर. ऑपरेशन वेळेत झालं, भाऊ सावरला; हाय खाल्ली ती धोंडीरामानं.

ऑफिसात कुणीतरी ईमेलवर आलेला कागद छापून दिला: गाजर खाणाऱ्याला कॅन्सर होत नाही. दुसऱ्याच दिवशी बिन महमूद भागातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये गाजरांचं पोतं आलं. सकाळी रस, दुपारी कोशिंबीर, संध्याकाळी नुसतीच करकर. डाळ-भाकरी खलास.

"अहो, घोडासुद्धा मध्ये हरभरे खातो," बायको नीता म्हणाली.

"यात बीटा कॅरोटीन असतं. तुला नाही कळायचं."

"असू दे. त्याच्या सोबतीला थोडी डाळ पाठवा."

दोन महिन्यांत त्याचे तळहात पिवळे झाले, मग नाक. साइटवरचा फोरमन फजल, रत्नागिरीचा, त्याला बघून ओरडलाच, "कावीळ! यल्ला, चल दवाखान्यात!"

दवाखान्यात पुण्याच्या डॉक्टर नुपूर होत्या. त्यांनी आधी डोळे तपासले. "काविळीत डोळे पिवळे होतात. तुमचे पांढरेशुभ्र आहेत. गाजर किती खाता?"

"रोज किलोभर," धोंडीराम अभिमानानं म्हणाला आणि भावाच्या आजाराचंही सांगितलं.

डॉक्टरांनी हसू दाबलं. "कमी करा, रंग जाईल. एकट्या गाजरावर भिस्त ठेवू नका. कडधान्यं, पालेभाज्या, फळं, ज्वारी-बाजरी सगळं खा. चोथा असलेल्या जेवणानं आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. हमी मात्र कुणीच देत नाही. भावाला झालाय, म्हणून तुमचीही तपासणी करू. आणि तंबाखू?"

धोंडीराम छताकडे बघू लागला. फजलनं त्याच्या खिशाकडे बोट दाखवलं. "पुडी तिथं आहे, डॉक्टर."

"गाजर सांभाळून घेईल, असं वाटलं," धोंडीराम पुटपुटला.

"नाही घेणार. आधी ती सोडा."

तपासणीत काही निघालं नाही. तंबाखू मात्र सुटेना. दोनदा सोडली, दोनदा धरली. तेवढ्यात रमजान लागला. दिवसा साइटवर कुणी तोंडात काही टाकत नसे. फजल म्हणाला, "मी रोजा धरतो, तू पुडी सोड. बघू कोण टिकतं." पहिला आठवडा धोंडीराम सगळ्यांवर खेकसला, नीतावर तर दोनदा. संध्याकाळी मात्र उसळ-भाकरी मुकाट्यानं खाई.

ईदला फजलच्या घरी हजराभाभींनी शीरखुर्मा वाढला. पहिला घास घेऊन धोंडीराम थबकला. "भाभी, यात काय घातलंय?"

"नेहमीचीच वेलची, भाऊ."

तंबाखू सुटल्यावर, कितीतरी वर्षांनी त्याला तिची चव लागली होती. त्यानं वाटी पुढं केली.