गावाकडच्या बाई

"या आमच्या गावाकडच्या बाई. शेंगा आणून देतात."

हे माही सख्खी लहान बहीण बोलली. शांता. मंगरूळपीरले, तिच्या भाड्याच्या घरात, नवऱ्याच्या साहेबाच्या बायकोसमोर. मी दारात उभी. डोक्यावर तुरीच्या शेंगाचं गठुडं. साहेबीण खुर्चीवर. तिनं मले खालून वर पाह्यलं.

"वालाच्या पण असतात का हो तुमच्याकडे?"

आमच्याकडं थोरल्या बहिनीले बाई म्हनतेत. शांता बोलाले शिकली तवापासून मले बाईच म्हने. त्या दिवशी बी बाईच म्हनली. पन आता मी तिची कोनी नव्हती.

मी दुसरीत होती तवा शांता झाली. माय दुसऱ्याच्या वावरात निंदाले जाये. लेकराले कोन पाहीन? माही शाळा सुटली. शांता माह्या कडेवर वाढली. पुढं आमी बौद्ध झालो. बाप म्हने, आता लेकरं शिकवाचे. तवा माहं लगन झालं होतं. शांता शाळेच्या वयाची होती. ते मॅट्रिक झाली, तिले हापिसातला कारकून नवरा भेटला. मले मायचंच खुरपं भेटलं.

हेवा वाटे. लय वाटे. तिच्या घरात लाईट. तिचा सुनील बूट घालून शाळेत जाये. माही मंदा त्याच्याच वयाची, अनवानी. तो इंग्रजी कविता म्हनून दाखवे. मी तोंडानं म्हनो, "हुशार हाय बापा." आन् पोटात नुसती आग.

त्या सालात मंगरूळच्या एका शाळेनं हुशार पोरायचा वेगळा वर्ग काढला. पाचवीपासून. परीक्षा घेऊन पोरं निवडनार. आमच्या गावचे गुरुजी घरी आले. म्हनले, "मंदाले बसवा. पोट्टी हुशार हाय. पन हे पुस्तकातली परीक्षा नाही. कोडे घालतेत. सराव पायजे."

सुनीलले शिकवाले घरी मास्तर येत. मी शांताले म्हनलं, "परीक्षेपर्यंत मंदाले ठेव. सुनीलजवळ बसन. तिच्या खान्याची ज्वारी मी देतो."

"पाठव ना," ते म्हनली.

मंदालेच पाहाले मी त्या दिवशी गेली होती.

साहेबिनीसमोरून मी वळली. गठुडं घेऊन मांगच्या आंगनात गेली. मंदा नळाखाली भांडे घासत होती. हात राखीनं भरलेले, थंडीनं फुटलेले. आतल्या खोलीतून मास्तरचा आवाज येत होता. "दोन, पाच, अकरा, तेवीस. पुढे काय येईल? सांग सुनील."

मी मंदाले इचारलं, "तुले येते का हे?"

तिनं मान हालवली. "मले शिकवलंच नाही, माय. मास्तर येतेत तवा मावशी भांडे देते. दार लोटून घे म्हनते. सुनीलचं ध्यान जाते."

"आन् अजून काय म्हनते?"

"इथं कोनाले जयभीम करू नको म्हनते. कोनी इचारलं तं कामाले आली म्हन."

तिचे हात मी नळाखाली धुतले. पदरानं पुसले. मांगच्या दारानं नाही गेली. तिले धरून बैठकीत आली.

"बाईसाहेब, मी हिची सख्खी बहीण. थोरली. हे माही लेक. आमी बौद्ध हाओ. हे शांता बी हाय."

साहेबिनीनं हातातला कप खाली ठेवला. शांताचं तोंड पांढरंफट. मी पोरीले घेऊन एसटीवर आली.

महिनाभरात शांताले ते घर सोडा लागलं. नात्यातले लोक म्हनतेत, बाईनं जळून केलं. जळत तं होतीच मी. पन घर घरमालकानं खाली करवलं, जात कळली म्हनून. त्याले कोनी एक शब्द म्हनलं नाही. मले पस्तावा नाही.

परीक्षेले दिवस कमी राह्यले होते. गावचे गुरुजी शाळा सुटल्यावर मंदाले थांबवून घेत. ते म्हनत, "मले बी हे कोडे नवेच हायेत, आपून दोघं मिळून शिकू." वावरातून आली का मी शाळेच्या भिंतीजवळ बसून राहो. एक अक्षर समजे नाही. तरी बसो.

निकाल लागला. सुनील निवडला गेला. मंदा नाही.

शांता पेढे घेऊन आली. एकटीच. वाटलं, हिच्या तोंडावर फेकावं. मंदानं हात पुढं केला, पेढा घेतला, खाल्ला. लेकरूच ते.

शांता म्हनली, "बाई, तुले काय ठाऊक, त्या गल्लीत मी कशी राह्यली. रोज जीव मुठीत. तू एका घडीत सारं उघडं केलं."

"जीव तुहा मुठीत," मी म्हनलं, "आन् गळा माह्या पोरीचा दाबून राह्यली होती."

ते रडली. माह्या डोळ्यात पानी आलं नाही. मंग म्हनली, "आता आपल्या लोकायत घर घेतलं. मंदाले पाठव. शहरात राह्यली तं शिकन."

मोह झाला. नाही कसा होईन? तिथं मोठी शाळा. इथं पाचवीले दुसऱ्या गावी पायी जा लागे. मी मंदाकडं पाह्यलं. ते माह्याकडंच पाहून राह्यली होती.

"नाही," मी म्हनलं. "माही पोट्टी चालत जाईन. नापास झाली तं फिरून बसन. तुह्या पोराइतकं शिकल्याशिवाय मी तिचं लगन करनार नाही, भले जातवाले वाळीत टाको. आन् तुहा हेवा मी सोडनार नाही, शांते. तुह्या सुनीलले जे भेटलं ते सारं मले माह्या मंदासाठी पायजे. भीक मांगून नाही. हक्कानं."

सकाळी मी मंदाले घेऊन पाचवीत नाव घालाले निघाली. त्या दिवशी मजुरी बुडवली.