माझी सरकारी सवत

माझी सून सरकारी आरोग्य खात्यात काम करते. डॉक्टर नाही, कॉम्प्युटरवाली. दवाखान्यातली जाडजूड रजिस्टरं जाऊन सगळ्यांचे आजार फोनवर दिसावेत, असं काहीतरी तिची टोळी बनवते. नोकरी कंत्राटी. त्या आठवड्यात शनिवारी खात्याच्या मोठ्या मॅडम विद्यानगरातल्या आमच्या सरकारी दवाखान्यात येऊन हे प्रकरण स्वतः बघणार होत्या. पटलं तर कंत्राट पुढे चालू. नाहीतर, सून म्हणाली, "आपण पुण्याला जाऊ. तिथे मला कधीही काम मिळेल."

आपण म्हणजे त्यात मीही आले. पुण्याला मी एकदा राहून आले आहे, सुनेच्या माहेरी. माणसं चांगली आहेत. पण मी "हो"च्या जागी "हौ" म्हटलं की माना वळायच्या, आणि मी "भात नक्को" म्हटलं की विहीणबाई ते शेजारणीला जाऊन सांगायच्या. माझा जन्म हैदराबादेत गेला. ह्या वयात मी नव्याने बोलायला शिकणार नाही. त्यामुळे ते कंत्राट टिकावं असं सुनेपेक्षा मला जास्त वाटत होतं.

सोमवारी ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आई, आमच्याकडे सगळी शिकलेली पोरं आहेत. मला वयस्कर, कमी शिकलेलं आणि लवकर चिडणारं माणूस पाहिजे."

"दुसरं कोणी नाही मिळालं?"

"तुमच्याइतकं चांगलं नाही."

मी चौथी पास आहे. मराठी वाचता येतं. फोनवर मराठी अक्षरं होती म्हणून बसले.

"आता कुठे दाबू?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं तू सांगावं."

"मी सांगायचं नसतं, आई. फक्त बघायचं असतं. तशीच पद्धत आहे."

अशी कसली पद्धत! मी धडपडणार आणि ही समोर बसून बघणार. मी चुकीचं बटण दाबलं की ती म्हणायची, "वा, छान!" आणि लगेच टिपून घ्यायची. लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून माझ्या चुकांचं इतकं कौतुक कोणी केलं नव्हतं. सासूबाई हव्या होत्या बघायला.

मग फोटो काढायची वेळ आली. समोर जिवंत माणूस आहे की नाही, हे बघायला फोन म्हणाला, डोळे मिचकावा.

"मी फोनकडे बघून डोळे मिचकावणार नाही."

"आई, फक्त एकदा."

"मी जिवंत आहे हे तुला दिसतंय ना? मग त्याला सांग."

तिने खूप वेळ विनवलं. शेवटी म्हणाली, "बरोबर आहे. चिडलेलं माणूस इथेच अडकणार." आणि त्याच रात्री तिच्या टोळीने फोटोशिवाय पुढे जायचं एक बटण घातलं. ते माझ्यामुळे घातलं, हे लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यामुळे झालं.

मंगळवारी सुनेच्या सांगण्यावरून मी आधार कार्ड घेऊन दवाखान्यात गेले. घरोघरी फिरणारी आरोग्यसेविका त्या दिवशी तिथे बसली होती. तेलुगू बाई, आमच्याशी हैदराबादी हिंदीत बोलते. तिने माझी नोंद केली, फोटो गाळला, हाताला पट्टा बांधला. बीपी भरपूर निघालं.

"अम्मा, इत्ता गुस्सा कायकू करते?"

"गुस्सा नै किया. फोन चलाया."

तिने गोळ्या दिल्या. सून खूश. म्हणाली, "उद्या परत या. पण घरून काय आणायचं, कुठे बसायचं, काही सांगणार नाही. तुमच्या मनाने करा."

माझ्या मनाने मी रेशन कार्ड नेलं. सरकारी काम म्हटलं की आमच्या पिढीचा हात आधी रेशन कार्डाकडे जातो. बुधवारी दवाखान्यात दुसरीच मुलगी होती. तिने रेशन कार्ड बघून नोंद केली, फोटोचं विचारलं, मी मान हलवली, तिने पुढचं बटण दाबलं. बोटाला सुई टोचली. शुगर निघाली. थोडीथोडकी नाही. तिने वेगळ्या गोळ्या दिल्या आणि गोड बंद म्हणून सांगितलं.

गुरुवारी सकाळी आरोग्यसेविका दारात.

"अम्मा, दुसरी अम्मा किधर है?"

"कौन दुसरी?"

"तुमारे साब की दुसरी बीवी. उनकू शुगर है ना, खाना समझाने का है."

मी पाणी देणार होते, ते तांब्यासकट तसंच राहिलं. "हमारे साब कू जाके बरसों हो गए. एक बीवी कू संभालते संभालते गए."

तिने फोन माझ्यापुढे धरला. पत्ता आमचा. नवऱ्याचं नाव एक. खाली बायका दोन, एक बीपीची, एक शुगरची. आणि दोन्ही मीच.

झालं होतं ते असं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहितो, बायका ते वाचतात, आणि त्या घटकेपासून तुम्ही वेगळ्याच कोणीतरी होता. माझं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर राहून गेलं. मुलाने आधार काढताना तोच दाखला दाखवला. रेशन कार्ड सासऱ्यांनी काढलेलं, त्यावर तांदळातलं नाव. पन्नासेक वर्षं ह्या दोघी एका साडीत सुखाने राहिल्या. सरकारच्या फोनने त्यांना वेगळं केलं. फोटो असता तर दोघींचं तोंड एकच हे त्याला कळलं असतं, पण तो गाळायचं बटण मीच घालायला लावलं होतं.

सुनेला हे सुचलं नव्हतं, कारण तिने लग्नात नाव बदलून घेतलं नाही. टोळीतल्या तेलुगू पोरांच्या घरी अशी रीतच नाही. मी तिला फोन केला आणि सांगितलं, "तुझ्या सासऱ्यांना सरकारने आणखी एक बायको दिली." ती हसली नाही. 

संध्याकाळी घरी आली ती तोंड उतरवूनच. एक नोंद पुसून टाक, म्हटलं. तर म्हणे, आजाराची नोंद पुसायला वरून परवानगी लागते, ती शनिवारपर्यंत येणार नाही.

"आई, शनिवारी फक्त आधार कार्डवाली दाखवायची. तुम्ही दुसरीचं नाव काढू नका. मॅडमना एवढंच बघायचंय की एका माणसाची सगळी माहिती एका ठिकाणी येते. हे कळलं तर संपलंच."

"मी कशाला बोलते?"

"तुम्ही बोलता, आई."

मला राग आला, पण पुणे आठवलं आणि मी गप्प बसले.

शनिवारी दवाखाना धुऊनपुसून लख्ख. बाक भरलेले दिसावेत म्हणून सुनेने सांगितलं होतं, ओळखीच्या बायका आणा. मी आमच्या हळदीकुंकवाच्या बायका आणल्या. ठेवणीतल्या साड्या नेसून सगळ्या आजारी चेहरा करून बसल्या. मोठ्या मॅडम आल्या. सुती साडी, बोलणं कमी, नजर सगळीकडे. सुनेने माझं आधार पुढे केलं. बटण दाबताच भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर माझं बीपी, माझ्या गोळ्या, सगळं आलं. मॅडमनी मान डोलावली. सुनेच्या चेहऱ्यावर गुरुवारनंतर पहिल्यांदा रंग आला. मी ओठ घट्ट मिटून बसले होते.

तेवढ्यात कोणीतरी चहा आणला. आमच्याकडचा चहा, घट्ट आणि गोडमिट्ट. मॅडमनी स्वतःच्या हाताने कप माझ्यापुढे केला. चांगल्या घरची बाई होती.

"लो अम्मा. शुगर तो नहीं है ना आपको?" आणि पडद्याकडे बघून त्याच म्हणाल्या, "नहीं है."

"है," मी म्हटलं. "पर वो दुसरी कू है."

सुनेने डोळे मिटले.

खरं सांगते, मी ठरवून बोलले नाही. कोणी सरळ आजार विचारला तर मला वाकडं उत्तर देता येत नाही. आणि तो चहा प्यायले असते तर पडले मीच असते, पडदा नव्हे.

"दुसरी कौन?" मॅडम म्हणाल्या.

मग सगळं सांगावं लागलं. ताट, तांदूळ, अंगठी, रेशन कार्ड. मॅडम ऐकत होत्या. मग त्यांनी बाकांकडे वळून विचारलं, "और किस किस के दो नाम हैं?"

सगळे हात वर गेले. आजारी चेहरे विसरून बायका एकदम बोलायला लागल्या. मागची एक म्हणाली, "मेरे तो तीन है, मॅडम. पैला वाला सासू कू पसंद नै आया."

मॅडम हसल्या नाहीत. सुनेला विचारलं, "ऐसे लोग और कहाँ मिलेंगे?"

सून अगदी बारीक आवाजात म्हणाली, तिकडे महाराष्ट्राच्या सीमेवर, आदिलाबादकडे, गावंच्या गावं मराठी आहेत.

"मतलब वहाँ हर औरत की आधी बीमारी किसी और के नाम पे जाएगी." मॅडम उठल्या. "इसको ठीक किए बिना आगे नहीं जाना. कितना टाइम?"

"तीन महीने, मॅडम."

"छह लीजिए. सब जगह देखिए. आपके कॉन्ट्रॅक्ट का मैं बोल देती हूँ."

सरकारचं मला तेव्हा कळलं. नीट झालेलं काम एक दिवस संपतं. बिघडलेलं निघालं म्हणून वाढलं.

सुनेने रिक्षा थांबवली, मला आधी आत बसवलं. मग म्हणाली, "तुम्ही गप्प बसणार होतात, आई."

"बसलेच होते. चहा आला."

तेव्हा कुठे ती हसली, आणि मग रडली, आणि रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू सासूने काहीतरी केलंय.

आता मी मंगळवारी आधार घेऊन जाते आणि बीपीच्या गोळ्या आणते. बुधवारी रेशन कार्ड घेऊन जाते आणि शुगरच्या आणते. आरोग्यसेविका मला लांबून बघूनच ओरडते, "आज कौनसी अम्मा आई?" पुण्याचा विषय घरात निघत नाही. सून रोज रात्री सांगते, दोघींची एक करायचं काम चालू आहे, होईलच लवकर.

मी म्हणते, घाई नक्को.