खालचा निळा

आमच्या गल्लीच्या टोकाला एका घराला लाकडी कुंपण आहे. दर दिवाळीच्या आधी तिथले म्हातारे गृहस्थ त्याला हिरवा रंग द्यायचे. दूध आणायला जाताना मी बघायचो. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, ब्रश अगदी हळू फिरायचा. पण पद्धत सगळी चुकीची! जुना निळा रंग खरवडायचा नाही, पॉलिश पेपर मारायचा नाही, त्यावरच एक पातळ हात. पावसाळ्यात पोपडे निघणारच.

एकदा मला राहवेना. म्हणालो, “मामा, आधी घासून तर घ्या! असा रंग टिकतोय व्हय?”

त्यांनी ब्रश डब्याच्या काठावर निथळला.

“ठावं हाय की, पावणं. पोराला जुना रंग नगं वाटतोय, म्हणून हिरवा देतोय. पर निळा आमच्या मालकिणीनं लावलाय, वारली त्या साली. पोपडं निघालं की त्योच दिसतोय न्हवं?”

मी दूध आणायला पुढं निघालो.

गेल्या दिवाळीला ते नव्हते. मुलानं चांगला रंगारी लावून कुंपण पार लाकडापर्यंत घासून घेतलं, मग हिरवं केलं. सबंध पावसाळा गेला. जाता-येता मी बघतो, एकही पोपडा निघालेला नाही.