पान एकतीस पाहा

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पानं जुळवणं. ती ओसरीवर चिंच फोडत बसली होती आणि मी समोर, छापखान्यातून आलेल्या कागदांचा गठ्ठा घेऊन. मी वाचायचो, "वाहत्या पाण्यात काप ठेवण्याची रीत पान एकतीसवर पाहा." तिथं खराट्याची काडी ठेवायची, गठ्ठा उलटत एकतीसवर जायचं आणि तिथलं वरचं नाव मोठ्यानं वाचायचं. ती चिंचोका बाजूला टाकत म्हणायची, "हो," नाहीतर, "नाई." नाई म्हटलं की मी लाल पेनानं गोल करायचा.

मी चौथी शिकलेला. वाचताना ओळीखाली बोट ठेवावं लागतं. ती शाळेत गेलीच नव्हती. पण पुस्तकातलं बयचांदीचं सारं प्रकरण तिनं तोंडी सांगितलेलं होतं. माझं बोट अडलं की ती म्हणायची, "अजी, मास्तरनं तुमाले चवथीतच काऊन सोडलं, ते आता समजून राह्यलं."

"तू त पह्यलीतबी नाई गेली."

"म्हनूनच माह्या डोक्यात जागा आहे."

बयचांदी म्हणजे आमच्या जंगलातला एक कांदा. भाजीतला नाही, जमिनीखालचा गड्डा. नीट केला तर उपासालाही खातात, व्यापारीही घेऊन जातो. नीट नाही केला तर घसा जळतो, ओकाऱ्या होतात, चक्कर येते, आणि माणूस जातोही. त्याचे काप करून वाहत्या पाण्यात किती दिवस ठेवायचे, किती पाणी बदलून उकळायचे, याची एक रीत आहे. तिचं माहेर भामरागडकडचं, नदीच्या अंगाला. तिथं तिच्या आईला ही रीत पाठ होती. आता तिकडच्या पोरी वसतिगृहात राहून शिकतात, सुट्टीत घरी येतात, आणि म्हाताऱ्या एकेक करून जातात. बचत गटाच्या बाया विकायला म्हणून बयचांदी खणू लागल्या, तेव्हा चंद्रपूरच्या एका संस्थेनं रानमेव्याचं पुस्तक काढायचं ठरवलं: कसं गोळा करायचं, कसं वाळवायचं, कसं खाण्याजोगं करायचं. बायांकडून ऐकून घेतलं, ऑफिसात लिहून काढलं.

वाहत्या पाण्याची रीत आणखी दोन-तीन कांद्यांनाही लागते; पण ते नुसते कडू, जिवावर येणारे नाहीत. म्हणून ती एकदाच, चित्रांसकट एकतीस पानावर दिली होती आणि बाकी ठिकाणी नुसतं 'पान एकतीस पाहा'. ते बरोबरच आहे. एकच गोष्ट तीनदा कशाला लिहायची? पण लिहिणाऱ्यांनी एका ठिकाणी 'पान' लिहिलं होतं, दुसऱ्या ठिकाणी 'पृष्ठ', तिसऱ्या ठिकाणी नुसतं 'पृ.' आणि टिंब. ती म्हणाली, "हे 'पृ' काय होय? नवीन झाड आहे का?" मी तेही लाल केलं. ते कागद गेले, दुरुस्त होऊन आले, पुन्हा जुळवले. सगळे 'हो' आले. गठ्ठा मी स्वतः एसटीनं नेऊन दिला.

त्यानंतर तिला ताप चढला आणि ती गेली. लोक म्हणाले सोन्यासारखी गेली. सोन्यासारखं कोणी जात नाही. तोंड कोरडं पडलेलं असतं, श्वास घेताना आवाज होतो. मी शेजारी होतो, मला माहीत आहे. चिंच अर्धी राहिली होती. शेजारीण म्हणाली, "भाऊ, मी फोडून देऊ का?" मी म्हटलं, "नेऊन टाक."

पुस्तक उन्हाळ्याच्या शेवटी आलं. ऑफिसातल्या मॅडमनी मला बोलावून सगळ्यांसमोर शाल दिली, नारळ दिला, पुस्तक हातात ठेवलं. उघडलं तर सुरुवातीलाच पाहुण्यांचे दोन शुभसंदेश, फोटोसकट, आणि पुढच्या कोऱ्या पानावर तिचा फोटो. खाली लिहिलं होतं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. फोटो गटाच्या सहलीतला, जंगलाच्या मोहर्ली फाटकाजवळचा. डोळे उन्हानं बारीक केलेले. शाल घेऊन घरी आलो.

घरी ओसरीवर बसून मी बयचांदीचं पान काढलं. 'वाहत्या पाण्यात काप ठेवण्याची रीत पान एकतीसवर पाहा.' एकतीसवर गेलो. वर नाव होतं: 'कांदे भाजून खाणे'. खाली गोड कांद्यांची रीत. निखाऱ्यात भाजा, साल काढा, मीठ लावून खा. चित्रही कांद्याचंच. वाहत्या पाण्याची रीत पुढं सरकून पस्तीसवर जाऊन बसली होती.

शुभसंदेश आणि श्रद्धांजली मिळून पुढं दोन कागद वाढले होते. सगळं पुस्तक चार पानं खाली घसरलं होतं आणि आतले आकडे होते तिथंच उभे होते. एकही जागचा हलला नव्हता. तिला मान द्यायला म्हणून जो कागद घातला, त्यानंच तिचं बोलणं विषारी केलं.

पहिल्या गाडीनं चंद्रपूर गाठलं.

मॅडम बोलायला गोड. पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "काका, तुमचं खरं आहे, चूक झाली. पण लोक समजून घेतील हो. पान चुकलंय म्हटल्यावर माणूस मागंपुढं चाळून बघतोच."

"कोन चाळते?"

"कोणीही. आपण नाही का चाळत?"

"तुमी चाळता, बाई. आमी नाई चाळत."

त्यांना ते कळलं नाही. मला राग आला तो तिथं. मी ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडं हेल्पर होतो. तिथं प्रत्येक व्हॉल्व्हला पत्र्याची पट्टी आणि पट्टीवर आकडा. साहेब वरून आकडा ओरडायचा, आम्ही तो व्हॉल्व्ह फिरवायचो. कशाला फिरवतो, पाइप कुठं जातो, आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. जो शिकला नाही तो आकड्याशी वाद घालत नाही. अक्षर वाचता वाचता दम लागतो, पण आकडा एका नजरेत कळतो, म्हणून आकडा आमचा भरवशाचा. एकतीस म्हटलं की एकतीस. तिथं कांदा दिसला, भाजा म्हटलं, भाजला. माझ्या गावातले अर्धे लोक असंच वाचतात, आणि तिच्या माहेरचे त्याहून जास्त.

"आणि समोर तिचा फोटो लावून ठेवला तुमी," मी म्हटलं. "तिकडं लोक तिले वळखतात. आपल्या पोरीनं सांगतलं म्हनतीन आन् भाजून खातीन."

मॅडमनी पुस्तक उघडून फोटोचं पान पाहिलं. मग म्हणाल्या, "आपण शुद्धिपत्र घालू. एक छोटी चिठ्ठी, प्रत्येक प्रतीत."

"चिठ्ठी तंबाखूचा खर्रा गुंडाळाले जाते, बाई."

ऑफिसातला कोणीतरी हसला. मॅडम नाही हसल्या. त्यांनी मला छापखान्यात पाठवलं.

छापखाना म्हणजे एका गल्लीतली खोली. कूलर लावलेला, कागद उडू नये म्हणून त्यावर विटेचे तुकडे. कॉम्प्युटरवर बसणारा माणूस पन्नाशीचा, गालात खर्रा. मी पुस्तक त्याच्यासमोर उघडून ठेवलं. त्यानं एकतीस पाहिलं, पस्तीस पाहिलं, उठून बाहेर जाऊन थुंकून आला.

"फोटोचे पानं शेवटी आले, काकाजी," तो म्हणाला. "घाई होती. समोर टाकले आन् पाठवलं."

"आन् आतले आकडे?"

"ते हातानं टाइप केले होते. ते कसे बदलतीन?"

"मंग आमी बुढा-बुढी पानं जुळवत होतो, ते कायले?"

त्यानं पुस्तक बाजूला ठेवलं. मग खुर्ची सरकवून मला म्हणाला, "बसा. दाखवतो." आणि त्यानं जे दाखवलं त्यानं माझा राग कमी व्हायचा तर दुप्पट झाला.

त्याच्या मशीनला हे काम येत होतं! 'पान एकतीस' असं टाइप करायचंच नाही. वाहत्या पाण्याच्या रीतीवर एक खूण ठेवायची आणि बयचांदीच्या ओळीत मशीनला सांगायचं, ती खूण जिथं असेल तिथला आकडा इथं लिही. मग पुढं पाहुण्यांचे फोटो घाला, मंत्र्यांचे घाला, मशीन स्वतः मोजून आकडा बदलतं. घंटी गाईच्या गळ्यात बांधतात. गाय ज्या झाडाखाली उभी आहे त्या झाडाला कोणी बांधत नाही. इतकी साधी गोष्ट.

"हे येत होतं तुमाले?"

"येते न."

"मंग काऊन नाई केलं?"

"छोटं पुस्तक. हातानं टाकलं का लवकर होते."

लवकर! मी त्याला म्हटलं, "तुह्या लवकरीनं एखादी पोट्टी मेली असती, तिच्या मायले येऊन सांगशीन का, का लवकर झालं म्हनून?" मला वाटलं भांडेल. भांडला नाही. म्हणाला, "आता करून देतो. तुमी बसून राहा, मले चुकू देऊ नोका."

मी बसलो. दुपारभर तो एकेक आकडा काढत गेला आणि खुणा बांधत गेला. 'पान', 'पृष्ठ', 'पृ.' हेही त्यानं मशीनवरच सोपवलं. एकदाच 'पान' सांगितलं, सगळीकडं 'पान' झालं. एका ठिकाणी आकड्याच्या जागी दोन प्रश्नचिन्हं उमटली.

"हे काय होय?"

"तिथं खूण बांधायची राह्यली. मशीनले मालूम नाई, म्हनून विचारून राह्यलं."

ते मला आवडलं. माहीत नाही तर माहीत नाही म्हणतं, उगाच एकतीस ठोकून देत नाही.

सगळं झाल्यावर तो म्हणाला, "आता पाहा." त्यानं तिचा फोटो काढला. पानं वर सरकली, आकडे बदलले. फोटो परत घातला. पानं खाली आली, आकडे पुन्हा बदलले. काढला, घातला. ती पडद्यावरून जायची आणि यायची, आणि मागं सगळं आपापल्या जागी बरोबर बसायचं.

"ठेवू का काढू, काकाजी? आता काहीबी चालते."

"आधी ते काढणं-घालणं बंद कर," मी म्हटलं. त्यानं हात काढून घेतला, कूलरकडं पाहत बसला. थोड्या वेळानं मी म्हटलं, "ठेव."

छापखान्यातला फोन घेऊन मॅडमला सांगितलं. त्या खूश झाल्या, म्हणाल्या पुढची आवृत्ती याच्यावरूनच काढू. मी विचारलं, आणि छापलेल्या पुस्तकांचं? त्या म्हणाल्या, "ती उद्या सकाळी भामरागडला जाताहेत, काका. गाडी ठरलीय. आता पाठवली नाहीत तर पावसात रस्ता बंद होईल, मग दिवाळीशिवाय पोचत नाहीत. चिठ्ठी घालतेय मी."

म्हणजे बरोबर पुस्तक मशीनमध्ये राहणार आणि चुकीचं तिच्या माहेरी जाणार. तेही तिच्या तोंडचं म्हणून, तिचा फोटो लावून. मी फोनवर काय बोललो ते लिहीत नाही. म्हाताऱ्या माणसाला शोभणारं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढं म्हणेन.

ऊर्जानगरला साळ्याच्या क्वार्टरमध्ये मुक्काम केला. जेवण गेलं नाही. साळा म्हणाला, "भाऊजी, जाऊ द्या न. मोहफुलाचं, चारोळीचं चुकलं त काय होते?" मी म्हटलं, "मोहफुलाचं चुकलं त लाडू बिघडतीन. बाकीचं जाऊ दे. बयचांदीचं नाई जाऊ देत." बोलताना माझं मलाच उमगलं काय करायचं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वीज कंपनीच्या बसनं निघालो, साळ्याच्या घरचं कागद कापायचं ब्लेड खिशात घेऊन. ऑफिसच्या व्हरांड्यात पुस्तकांचे गठ्ठे रचलेले होते, गाडी उलटी लावलेली, ड्रायव्हर बिडी ओढत होता. मी पहिला गठ्ठा सोडला, बसलो, आणि बयचांदीची पानं मुळाशी कापायला सुरुवात केली. पेनानं आकडे बदलावे तर ते प्रकरणभर जागोजाग होते, आणि एखादा जरी राहिला तरी घात होता.

ड्रायव्हर म्हणाला, "ओ बावाजी, काय करून राह्यले?" मॅडम धावत आल्या. "काका, अहो काकूंचंच प्रकरण कापताय?"

"तिचं आहे म्हनूनच कापतो. दुसरीचं असतं त तिले पुसा लागलं असतं."

"पण मग त्यांना काहीच मिळणार नाही."

"पान सापडलं नाई त मानूस कोनाले त विचारते, बाई. चुकीचं सापडलं त करून टाकते."

मग आतून त्यांनी दुसरं ब्लेड आणलं आणि समोर खाली बसल्या. चिकटवलेली बांधणी, ब्लेड सरळ गेलं. तिचं सांगणं एकेका प्रतीतून निघत होतं आणि माझ्या मांडीशी ढीग वाढत होता. ड्रायव्हर दोनदा घड्याळ दाखवून गेला. मॅडम म्हणाल्या, "थांब जरा."

शेवटचा गठ्ठा बांधला, गाडीत टाकला. गाडी गेली. मी कापलेली सगळी पानं पोत्यात भरली, तोंड बांधलं, पोतं खांद्यावर घेतलं आणि छापखान्याच्या गल्लीकडं निघालो. नवी पानं निघेपर्यंत आणि भामरागडकडं जाणारी कुठलीतरी गाडी सापडेपर्यंत त्या कूलरसमोरून उठायचं नाही, असं ठरवून.